खर्चीतली भाकरी: एका वाहतूक व्यवसायातील ट्रकचालकांच्या आरोग्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील एका मध्यम आकाराच्या मालवाहतूक व्यवसायाचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे, गावे आणि काही वैयक्तिक तपशील वगळले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी या व्यवसायाशी सल्लागार डॉक्टर म्हणून सुमारे दोन वर्षे संबंधित होतो. त्यामुळे पुढील लिखाणात जे निर्णय चुकले, त्यांतील काही माझेच आहेत.

व्यवसायाकडे चाळीसच्या आतबाहेर गाड्या होत्या आणि माल तीन प्रकारचा असे. पहिला म्हणजे कांदा, जो मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, पळासनेर, सेंधवा करत इंदूरला आणि तेथून पुढे दिल्लीपर्यंत जाई. दुसरा म्हणजे द्राक्षांचे शीतकंटेनर, जे साधारण जानेवारी ते एप्रिल या हंगामात पॅकहाउसमधून (द्राक्षे थंड करून भरण्याच्या केंद्रातून) निघून कसारा घाट उतरून न्हावा शेवा बंदरात पोहोचत. तिसरा म्हणजे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचा माल, जो वर्षभर चालू असे. हा तपशील येथे मुद्दाम देत आहे, कारण चालकाची झोप, जेवण आणि औषध यांचे वेळापत्रक गाडीत कोणता माल आहे यावर ठरत होते आणि हे लक्षात यायला आम्हांला बराच वेळ लागला.

चालक बहुतेक तिशी ते पन्नाशीतले, नाशिक, नगर आणि बीड जिल्ह्यांतले होते. थोडे उत्तर प्रदेशातले होते. मोबदला फेरीवर ठरत असे. त्याशिवाय फेरी निघताना मुनीम चालकाच्या हाती ‘खर्ची’ म्हणून ठोक रक्कम देई. तिच्यात डिझेल, वाटेतली किरकोळ दुरुस्ती, हमाली, पंक्चर, अंघोळ आणि जेवण असे सगळेच धरलेले असे. फेरी संपली की हिशेब होई आणि जे उरेल ते चालकाचे होई. या पद्धतीत अप्रामाणिक काही नाही; ती वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि चालकांनाही ती हवीच असते. परंतु तिचा अर्थ असा होतो की वाटेत घेतलेले प्रत्येक ताट चालकाच्या स्वतःच्या खिशातून जाते.

तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानुसार कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस होते. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने ते जास्तीत जास्त दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्नपर्यंत नेता येत. या व्यवसायात तासांची नोंदच कोणी ठेवत नव्हते, कारण फेरीवर पैसे मिळत असताना तास मोजण्याची गरज कोणालाच भासली नव्हती.

घटना

चाळिशीच्या मध्यातला एक चालक कारखान्याच्या दारात पहाटे गाडी घेऊन रांगेत लागला. त्याला मधुमेह असल्याचे काही महिन्यांपूर्वीच गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी सकाळी घेण्यास दिली होती. साखर पूर्ण बंद करा, असेही बजावले होते. त्याने ते सगळे मनापासून पाळले. सहाच्या सुमारास गोळी घेतली आणि बिनसाखरेचा चहा प्यायला. रांग अधूनमधून एका गाडीने सरकत असल्यामुळे त्याला गाडी सोडून जेवायला जाता आले नाही. लोडिंग व्हायला दुपार झाली. त्यानंतर त्याने क्लिनरबरोबर ताडपत्री ओढली, दोर आवळले आणि उशीर झाला म्हणून न जेवताच तो निघाला.

तासाभरात त्याला घाम सुटला, समोरचे अंधुक दिसू लागले आणि गाडी दुभाजकाला घासत जाऊन थांबली. कोणी दगावले नाही. जमलेल्या लोकांना तो प्यायलेला वाटला. पोलिसांनी श्वासाची चाचणी केली तेव्हा मद्याचा अंश आढळला नाही. ग्रामीण रुग्णालयात रक्तातील साखर तपासली तेव्हा ती धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत तो नीट बोलू लागला.

या घटनेतली जी गोष्ट मला आजही अस्वस्थ करते ती अशी, की हा माणूस निष्काळजी नव्हता. त्याने गोळी वेळेवर घेतली होती आणि साखर सोडली होती. ज्याला आपण आज्ञाधारक रुग्ण म्हणतो, तसाच तो वागला होता. जेवण वेळेवर मिळेल असे गृहीत धरून दिलेला सल्ला, जेवणाची वेळ स्वतःच्या हातात नसलेल्या माणसापर्यंत पोहोचला होता, आणि त्याने तो पाळल्यामुळेच अपघात झाला.

समस्या कशी दिसली

मालक पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे आले. त्यांची पहिली मागणी सरळ होती: सगळ्या चालकांची तपासणी करावी आणि ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे, त्यांची यादी द्यावी, म्हणजे त्यांना गाडीवरून उतरवता येईल. मी तपासणीला होकार दिला; यादीबाबत मात्र दोन आठवडे मागून घेतले. या काळात मी यार्डात बसलो, कारखान्याच्या रांगेत एक दिवस काढला आणि एका गाडीबरोबर इंदूरपर्यंत गेलो. हा सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास मला वाचून मिळालेल्या माहितीपेक्षा कितीतरी अधिक शिकवून गेला.

जेवणाबाबत माझी समजूत होती की ढाब्यावरचे तेलकट खाणे हाच मूळ दोष असावा. धुळ्याकडच्या ढाब्यांवर शेवभाजीवर तेलाचा तवंग असतो हे खरेच आहे. पण चालक तेथे दिवसातून एकदाच, तेही रात्री उशिरा, जेवत होते. दिवसभर चहा, बिस्किटे आणि तंबाखू यांवर निघत असे. रस्त्यावरच्या एका चहात दोन लहान चमचे, म्हणजे आठ ते दहा ग्रॅम साखर धरली, तर आठ चहांमधून पोटात चौसष्ट ते ऐंशी ग्रॅम साखर जाते. भूक मारण्याचे काम चहा आणि तंबाखू मिळून करत होते आणि त्यामुळे वाचलेले पैसे घरी जात होते.

पाण्याची गोष्ट आणखी बोलकी होती. रांगेत गाडी सोडता येत नाही, कारखान्याच्या दाराबाहेर शौचालय नाही, महामार्गावर जड गाडी वाटेल तेथे उभी करता येत नाही. म्हणून चालक पाणीच कमी पीत होते. मूतखड्याचा त्रास होऊन गेलेले अनेक जण भेटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रक्तदाबाची गोळी सोडून दिलेल्या चालकांपैकी काहींनी कारण सांगितले ते असे, की गोळी घेतली की वारंवार लघवीला जावे लागते. त्यांच्या गोळ्या पाहिल्या तेव्हा त्यांत लघवी वाढवणाऱ्या गटातील औषध होते. ते औषध चुकीचे नव्हते. ते चुकीच्या धंद्यातल्या माणसाला दिले गेले होते.

झोपेबाबत कोणीही काही लपवले नाही. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागतो हे सगळ्यांनाच माहीत होते. तरीही गाडी थांबवत नव्हते, कारण कार्यालयात रात्री बसणारा माणूस जीपीएसवर गाडी उभी दिसली की फोन करून विचारत असे की का थांबलात. जागे राहण्यासाठी तंबाखूचा आधार घेतला जाई. उत्तरेकडच्या मार्गावर जाणाऱ्यांपैकी एखादा त्याहून घातक गोष्टींचाही आधार घेत असे.

आणखी एक अडथळा आम्ही धरलाच नव्हता. आरोग्य शिबिर म्हटल्यावर चालकांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटत असे. ट्रकचालकांसाठी गेल्या काही दशकांत जे आरोग्यकार्य झाले, ते मुख्यतः एचआयव्ही प्रतिबंधाचे होते आणि त्या काळाच्या गरजेनुसार ते आवश्यकही होते. पण त्यामुळे ट्रकवाल्याची तपासणी म्हणजे त्याच्या चारित्र्यावरचा संशय, असा अर्थ चालकांच्या मनात घट्ट बसला होता. गावात बायकोला कळले तर ती काय समजेल, असा प्रश्न मला एकाहून अधिक चालकांनी विचारला.

परवान्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर मालकांचा भरवसा होता. नमुना १-अ मधील या प्रमाणपत्रात प्रामुख्याने दृष्टी, रंगओळख, श्रवण आणि शारीरिक व्यंग यांचा विचार असतो. रक्तातील साखर, रक्तदाब किंवा झोपेतील श्वसनाचे विकार त्यात आपोआप पकडले जातील, असे समजणे बरोबर नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांचा होता: सर्वांची सक्तीने तपासणी आणि दोष आढळलेल्यांना कामावरून कमी करणे. तो सुरक्षित वाटतो, पण त्याचा परिणाम उलटा झाला असता. आजार असलेल्या चालकाने तो लपवला असता, उपाशीपोटी गोळी घेऊन गाडी चालवणे चालूच राहिले असते आणि काढून टाकलेला माणूस दुसऱ्या मालकाची गाडी त्याच रस्त्यावर चालवू लागला असता.

दुसरा पर्याय वर्षातून एक शिबिर, व्याख्यान आणि यार्डात फलक, असा होता. खर्च कमी आणि छायाचित्रे चांगली. पण ज्या माणसाला काय खावे हे माहीत आहे आणि खायला वेळ व पैसा नाही, त्याच्यापुढे ताटाचे चित्र लावून काही बदलत नाही. तिसरा पर्याय महामार्गावरच्या काही ढाब्यांशी बोलून कमी तेलाचे जेवण मिळवून देण्याचा होता. मला तो सुरुवातीला फार आवडला होता. इंदूरच्या फेरीनंतर मी तो सोडून दिला, कारण चालक ढाबा निवडतो तो जेवणावरून नव्हे. गाडी सुरक्षित उभी राहील का, डिझेल चोरीला जाणार नाही ना, बाज आणि अंघोळीचे पाणी मिळेल का, यावरून तो ठरतो.

चौथा पर्याय पैशाची आणि वेळेची रचना थोडी बदलण्याचा होता आणि औषधे त्या रचनेला जुळवून घेण्याचा होता. यात मालकांचा खर्च होता, मुनिमाचे काम वाढत होते आणि निकालाची खात्री देता येत नव्हती. शेवटी आम्ही याच मार्गाने गेलो, पण एका दमात नाही. प्रत्येक टप्प्यावर घासाघीस झाली.

पहिला निर्णय: माहिती कोणाची?

तपासणीचे निकाल कोणाला कळणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय मी एकाचेही रक्त घेणार नाही, असे मी सांगितले. मालकांचे म्हणणेही चुकीचे नव्हते: गाडी त्यांची, माल दुसऱ्याचा, रस्त्यावरची माणसे तिसरीच, उद्या कोणी दगावले तर त्यांनाच विचारले जाणार. चालकांच्या वतीने एक ज्येष्ठ चालक बोलत असत, ज्यांना सगळे मामा म्हणत. त्यांची अट एकच होती की तपासल्यामुळे कोणाची भाकरी जाता कामा नये.

तोडगा असा निघाला. प्रत्येक चालकाची वही त्याच्याच जवळ राहील. मालकांना आजाराचे नाव कळणार नाही. फक्त तीनपैकी एक शेरा कळेल: नेहमीप्रमाणे गाडी चालवण्यास हरकत नाही, काही दिवस विश्रांती हवी, किंवा ठरावीक काळ फक्त दिवसाची आणि जवळची फेरी द्यावी. विश्रांतीच्या काळात दोन आठवड्यांपर्यंत ठरावीक रोजंदारी मिळेल आणि परत आल्यावर गाडी मिळेल, हे मालकांनी यार्डात सर्वांसमोर सांगितले. कागदावर ते कधीच आले नाही. मी त्याचा आग्रह धरला नाही, ही माझी चूक होती आणि तिचा परिणाम पुढे दिसला.

तपासणीची सुरुवात आम्ही डोळ्यांपासून केली. चष्मा लागला तर परवाना जाईल अशी भीती अनेकांना होती. चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत असेल तर गाडी चालवण्यास अडचण नसते, हे समजावून सांगावे लागले. रात्री समोरच्या गाडीचा उजेड फुटल्यासारखा दिसतो अशी तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या चालकाला आठवड्यात चष्मा मिळाला, तेव्हा इतर जण स्वतःहून यायला लागले. त्यानंतर रक्तदाब, साखर, कमरेचा घेर आणि तंबाखूच्या परिणामांसाठी तोंडाची तपासणी घेतली. तोंड उघडल्यावर उभी तीन बोटे आत जातात का, ही साधी चाचणी चालकांनी एकमेकांवरच करून पाहिली आणि ज्यांची दोनच बोटे गेली ते विचारात पडले. एचआयव्हीची चाचणी आम्ही यार्डात ठेवली नाही. ती सरकारी रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात मोफत आणि गोपनीय होते, एवढे प्रत्येकाला एकट्याला सांगितले.

दुसरा निर्णय: औषध धंद्याला जुळले पाहिजे

मधुमेह असलेल्या चालकांपैकी ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी, जेवण चुकल्यास साखर खाली नेणारी गोळी चालू होती, त्यांच्या डॉक्टरांना मी पत्रे लिहिली. कामाचे स्वरूप, रांगेतील ताटकळणे आणि झालेला अपघात यांची माहिती दिली आणि मेटफॉर्मिन व आवश्यक तेथे ग्लिप्टिन गटातील औषध शक्य आहे का, असे विचारले. या औषधांनी साखर अचानक खाली जाण्याचा धोका बराच कमी असतो. बहुतेकांनी पत्राची दखल घेतली. एका डॉक्टरांना माझा हस्तक्षेप रुचला नाही. त्या चालकाने दोन्हीकडची औषधे काही दिवस एकत्र घेतली, हे नंतर कळले. पत्राबरोबर दूरध्वनी केला असता तर हे टळले असते.

रक्तदाबासाठी, ज्यांना चालणार होते त्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळीऐवजी अॅम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टन सुचवले. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळत. परंतु महिन्यातले वीस दिवस जिल्ह्याबाहेर असलेला माणूस ठरलेल्या वारी केंद्रात येऊ शकत नाही. केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलल्यावर त्यांनी स्थिर रुग्णांना अधिक दिवसांच्या गोळ्या एकदम देण्यास आणि घरच्या माणसाला त्या नेऊ देण्यास मान्यता दिली. मला या संपूर्ण कामातली सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते.

प्रत्येक गाडीत साखरेची पुडी ठेवली आणि क्लिनरला शिकवले: चालकाला घाम फुटला, हात थरथरले, बोलणे विचित्र वाटले, तर गाडी बाजूला घ्यायला लावायची, तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटे थांबायचे आणि मगच पुढचे ठरवायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, थेट १०८ ला फोन करायचा.

इन्सुलिन लागणारा एक चालक होता. त्याला दिवसाच्या जवळच्या फेऱ्या द्याव्यात, असा शेरा मी दिला. वैद्यकीय दृष्टीने तो बरोबर होता. पण त्याची मिळकत घटली. मालकांनी तीन महिने फरक भरून दिला, नंतर थांबवला, आणि लेखी काहीच नसल्यामुळे मला बोलायला जागा राहिली नाही. तो चालक दुसरीकडे गेला. तेथे तो कोणत्या फेऱ्या करतो, हे मला ठाऊक नाही.

तिसरा निर्णय: खर्ची आणि पेटी

खर्चीतून जेवणाचा पैसा वेगळा काढावा, हा प्रस्ताव मुनिमाला अजिबात पसंत नव्हता. त्यांनी तीस वर्षे एकाच वहीत हिशेब ठेवला होता. त्यांचा मुद्दा असा, की वेगळा भत्ता दिला तरी चालक तो वाचवणारच. तरीही मालकांनी एक प्रयोग मान्य केला: जेवणाचा भत्ता हिशेबात धरायचा नाही आणि तो एकरकमी न देता रोज सकाळी चालकाच्या मोबाइलवर पाठवायचा.

मुनिमाचा अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. अनेक चालकांनी भत्ता त्याच दिवशी घरी पाठवला; मुलांची फी, हप्ता, आईचे औषध अशी कारणे होती आणि त्यांना चूक म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. पण एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. दिल्लीच्या फेऱ्या करणारे जुने चालक गाडीत स्टोव्ह, कुकर, पीठ आणि डाळ घेऊनच निघत. त्यांचे जेवण ढाब्यापेक्षा स्वस्तही होते आणि चांगलेही. अडचण अशी होती की पावसात आणि थंडीत ते स्टोव्ह केबिनमध्येच पेटवत. बंद केबिनमध्ये आग लागण्याचा धोका असतोच, शिवाय विषारी वायू साचून झोपेतच जीव जाऊ शकतो.

मग आम्ही ढाब्यांना सुधारण्याचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवला आणि चालकांच्या स्वतःच्या चुलीला जागा दिली. गाडीच्या कडेला, पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत, लोखंडी पेटी बसवली. तिच्यात स्टोव्ह, कुकर आणि कोरडा शिधा ठेवायचा, केबिनमध्ये काहीही पेटवायचे नाही आणि ज्वलनशील माल असेल त्या फेरीला स्टोव्ह न्यायचाच नाही, असा नियम केला. ही पेटी चालकांनी स्वतः सुचवलेल्या मापाची होती. मुगाची खिचडी, भाकरी, पातळ पिठले, कांदा-काकडी असे जेवण तिच्यातून होऊ लागले. जवळच्या फेऱ्यांना घरूनच भाकरी, मटकी, भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे येऊ लागले. ठेचा आणि लोणच्यातले मीठ हा रक्तदाबाचा प्रश्न राहिला; त्यावर मी बोलत राहिलो आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यात सांगतो. व्यायाम करा म्हटल्यावर चालक हसत. परंतु प्रत्येक थांब्यावर उतरून टायर ठोकून पाहण्याची सवय त्यांना असतेच. मोठ्या गाडीभोवतीची एक फेरी सुमारे तीस मीटर भरते. टायर तपासताना आणि जेवणानंतर मिळून तीस-पस्तीस फेऱ्या झाल्या तर एक किलोमीटर होतो. ही गोष्ट त्यांना पटली, कारण ती त्यांच्याच कामातली होती. केबिनमधून उडी न मारता, दोन हात आणि एक पाय टेकवून उतरण्याची सवयही काहींनी लावून घेतली.

चौथा निर्णय: रात्रीचा फोन

पहाटे दोन ते पाच गाडी उभी करायची, या नियमावर सर्वांत जास्त चर्चा झाली. कांद्याला तीन तासांनी काही होत नाही, हे मालकांनी मान्य केले. कारखान्याच्या मालाचेही बहुतेक वेळा तसेच होते. द्राक्षांचे वेगळे होते. पॅकहाउसमध्ये माल थंड करून भरेपर्यंत रात्र होते, बंदरावर पोहोचण्याची वेळ ठरलेली असते आणि नेमका कसारा घाट धोक्याच्या वेळेत येतो. तेथे थांबा सक्तीचा करणे अव्यवहार्य होते. हंगामाच्या ऐन महिन्यांत या गाड्यांवर दुसरा चालक द्यायचा, असे ठरले. खर्च मोठा होता. मालकांनी तो पहिल्या वर्षी पूर्ण केला, दुसऱ्या वर्षी काही गाड्यांपुरताच केला.

इतर गाड्यांसाठी बदल अगदी लहान होता. रात्री कार्यालयात बसणाऱ्या माणसाने थांबलेल्या गाडीला फोन करणे बंद केले. आता तो पहाटे अडीच वाजता चालू दिसणाऱ्या गाडीला फोन करून थांबायला सांगू लागला. तोच माणूस, तोच पडदा आणि तोच फोन होता. पहिल्या महिन्यात चालकांचा यावर विश्वास बसला नाही. उशीर झाल्याबद्दल एकाचेही पैसे कापले गेले नाहीत, हे दिसल्यावर बसला.

मोठ्याने घोरणारा, दिवसा रांगेतसुद्धा डुलक्या घेणारा एक जाड मानेचा चालक होता. त्याची निद्राचाचणी करून घेतली आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार निघाला. झोपेत श्वसनमार्ग उघडा ठेवणारे यंत्र लावून झोपायचे तर ते केबिनमध्ये चालवायचे कशावर, हा प्रश्न आला. त्याला घरी रात्री परतता येईल अशी कारखान्याची फेरी मिळाली आणि तेथे ते जमले.

परिणाम

पुढच्या दोन वर्षांत साखर उतरून अपघात झाल्याची घटना या व्यवसायात घडली नाही. परंतु एवढ्या थोड्या गाड्यांमध्ये अशा घटना मुळातच क्वचित घडतात. त्यामुळे हे आमच्या कामाचे फळ आहे असा दावा मी करणार नाही. ज्याची नोंद ठेवली आणि जे निश्चित दिसले ते असे: रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांची संख्या कमी झाली, लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांतील पेट्या वापरात राहिल्या आणि पहाटेचा थांबा कांद्याच्या फेऱ्यांत रुळला. वजन आणि कमरेचा घेर यांत उल्लेखनीय फरक पडला नाही.

तंबाखूच्या बाबतीत आम्ही अपयशी ठरलो. तंबाखू सोडण्यासाठी असलेल्या १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकाची माहिती सर्वांना दिली, निकोटिनच्या गोळ्याही दिल्या. दोघांनी सोडली, त्यांतल्या एकाने दिल्लीच्या तीन फेऱ्यांनंतर पुन्हा सुरू केली. तोंड कमी उघडणाऱ्या एका चालकाच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, त्याला वेळेत दंतरुग्णालयात पाठवता आले, एवढीच या बाजूची जमेची गोष्ट आहे.

ज्या चालकापासून हे सगळे सुरू झाले, तो औषध बदलून आणि काही आठवडे विश्रांती घेऊन पुन्हा गाडीवर आला. रांगेत लागण्याआधी तो न्याहारी करतो आणि डॅशबोर्डवर साखरेची पुडी ठेवतो.

वेगळे काय करता आले असते

कारखान्याच्या दारातली रांग हा पहिला मुद्दा. आमच्या सगळ्या अडचणींचे मूळ तेथे होते आणि आम्ही तेथे सर्वांत शेवटी पोहोचलो. नियमित माल देणाऱ्या दोन कारखान्यांना आम्ही लोडिंगची वेळ आधी कळवण्याची आणि दारात शौचालय व पिण्याचे पाणी ठेवण्याची विनंती केली. एकाने वेळ कळवणे सुरू केले आणि त्या फेऱ्यांतले चालक झोपून, जेवून दारात जाऊ लागले. दुसऱ्याने दाराबाहेरच्या गाड्या ही आपली जबाबदारी नाही असे उत्तर दिले. मालक एकटे विनंती करत होते. परिसरातील वाहतूकदारांनी एकत्र येऊन ती केली असती तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. मी तशी सूचना फार उशिरा केली.

दुसरा मुद्दा कर्मचारी राज्य विम्याचा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या रस्ते वाहतूक आस्थापनांना तो लागू होऊ शकतो आणि महिन्याला एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्यात बसतात. चालकांना फेरीपुरते ठेवलेले दाखवल्यामुळे त्यांची नोंदणी नव्हती. ती पहिल्या महिन्यातच झाली असती, तर आजारपणातील रोजंदारी मालकांच्या मर्जीवर राहिली नसती आणि इन्सुलिन घेणाऱ्या त्या चालकाला जाण्याची वेळ कदाचित आली नसती. मी आरोग्याचा विचार करताना कामगार म्हणून त्याच्या हक्काचा विचार मागे ठेवला.

तिसरा मुद्दा घरच्या माणसांचा. गोळ्या घेऊन जाणारी, भाकरी बांधून देणारी आणि फोनवर जेवलात का असे विचारणारी बायको या सगळ्या कामात होती. पण तिला आम्ही पहिल्यांदा बोलावले ते आठ महिन्यांनी. त्या एका बैठकीत मीठ, तेल आणि गोळ्यांच्या वेळा यांवर जेवढे काम झाले, तेवढे यार्डातल्या कोणत्याही बैठकीत झाले नव्हते.

आणि क्लिनर. आम्ही त्यांना साखरेची पुडी कशी द्यायची एवढेच शिकवले आणि त्यांच्या तपासणीचा विचारही केला नाही. ही विशी-बाविशीतली मुले आहेत. ती केबिनमध्येच तंबाखू मळायला शिकतात, चालकाबरोबरच उपाशी राहतात, त्याच्याबरोबरच पाणी टाळतात, आणि चार-पाच वर्षांत त्यांतल्या बहुतेकांच्या हाती स्टिअरिंग येते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी त्यांच्यासाठी वेगळी वही छापून घेतली. तिची पहिली पाने भरली जात असताना या व्यवसायाबरोबरचा माझा करार संपला. वही आता मामांकडे आहे आणि रविवारी यार्डात गाड्या असतात तेव्हा ते रक्तदाब मोजून तिच्यात नोंदी करतात.